उन्हाची जागा बॉयलरपाशी नाही, ओल्या धानापाशी आहे



आज रोपाची, तुडतुड्याची, खताची नोंद नाही. आज भांडण आहे. वाचून राग आला तर खाली लिहा, पण आधी पूर्ण वाचा.

मागच्या आठवड्यात घरच्या खाण्याच्या तांदळासाठी चार पोती धान घेऊन मिलवर गेलो होतो. मिल मोठी आहे, अरवा आणि उसना दोन्ही काढते. मालक जुन्या ओळखीचा. त्याच्या खोलीत एक सोलरवाला लॅपटॉप उघडून बसला होता. सांगत होता की आमचे आरसे लावा, सूर्याच्या वाफेवर अख्खी मिल चालेल, बॉयलर भंगारात विका. मालक हसला. म्हणाला, "भाऊ, माह्याकडे भुसा फुकटचा पडून आहे. फुकट सोडून तुह्या आरशाले पैसे काऊन देऊ?" बाजूला एक साहेब बसले होते. ते म्हणाले, "सोलर पाहिजेच. छपरावर पॅनल टाका, बिल कमी होते."

तिघंही आपापल्या धंद्यात हुशार. पण अर्धा तास बोलणं चाललं, त्यात धान कोणी आणलं, कसं आणलं, किती ओलं आणलं, हे एकदाही आलं नाही. मी माझ्या पोत्यावर बसून ऐकत होतो. तिथे बोललो नाही, कारण बोलायला आकडे लागतात आणि माझ्याजवळ तेव्हा कागद नव्हता. घरी येऊन कागद घेतला. हा तो कागद.

आधी माझी गोष्ट, म्हणजे मी का भांडतो ते कळेल.

2019 ची दिवाळी आठवा. कडपा बांधीत पडला होता आणि पाऊस जायचं नाव घेत नव्हता. जसं जमलं तसं उचललं, चुरलं, आणि 30 क्विंटल धान ट्रॅक्टरवर टाकून खरेदी केंद्रावर नेलं. मीटर लावलं. 22 टक्के ओलावा. नियम 17 चा. केंद्रवाला म्हणाला, "घरी न्या, वाळवून आणा." त्याची चूक नाही, नियम त्याने केला नाही. पण वाळवू कुठे? अंगण ओलं, खळं ओलं. मग सगळे जिथे वाळवतात तिथेच, डांबरी रस्त्यावर. चार दिवस मी, बायको आणि पोरगा रस्त्याच्या कडेला. दिवसा पायानं फिरवायचं, मोटारसायकलवाल्यांच्या शिव्या खायच्या, संध्याकाळी गोळा करून ताडपत्री टाकायची. ताडपत्री सगळ्यावर पुरली नाही. रात्री दव पडलं, सकाळी पुन्हा पसरवलं.

पाचव्या दिवशी 16 भरलं, धान विकलं, पैसे आले. ट्रॅक्टरचं भाडं दोनदा लागलं. इथवरची गोष्ट तुम्हा सगळ्यांची आहे, नवीन काही नाही.

नवीन पुढे कळलं. त्याच धानातली दोन पोती घरी ठेवली होती. मिलवर नेली तर तांदूळ कमी आणि तुकडा जास्त. मला वाटलं मिलवाल्याने गडबड केली. तिथल्या जुन्या मिस्त्रीने दोन दाणे सोलून बल्बसमोर धरले. दाण्यात आडवी रेघ, केसासारखी. तो म्हणाला, "हा इथं नाही फुटला भाऊ, तुमच्या रोडवर फुटला. मिलनं फक्त दोन तुकडे वेगळे केले."

दाणा असा तडकतो. डांबर दुपारी तापतं, दाण्याचं वरचं पाणी झटकन उडतं, आतलं आतच राहतं. रात्री वाळलेला दाणा दव पितो. एकदा आकसला, एकदा फुगला, की मधोमध चीर पडते. उन्हाळी धानाचंही तेच होतं. मे महिन्याच्या उन्हात धान उभ्यानेच कडक होतं आणि भरडाईत तुकडा होतो. म्हणून तर उन्हाळी धानाचा उसना काढावा लागतो. उसन्यात वाफेमुळे आतला स्टार्च चिकट होऊन चीर सांधली जाते.

म्हणजे ऊन आपण आजही वापरतो. पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. फक्त मोकाट वापरतो, आणि मोकाट ऊन तांदूळ फोडतं.

आता कागदावरचा हिशेब. कृषीवाल्या मित्रांनी तपासून पाहावा.

100 किलो धान, ओलावा 22 टक्के. म्हणजे 78 किलो कोरडा माल आणि 22 किलो पाणी. तेच 17 टक्क्यांवर आणलं तर वजन होतं 94 किलो. पाणी गेलं 6 लिटर. माझ्या 30 क्विंटलमधून 180 लिटर. लोखंडी ड्रम असतो ना, 200 लिटरचा? तो पूर्ण भरतही नाही. तेवढ्या पाण्यासाठी तीन माणसं चार दिवस रस्त्यावर.

तेवढं पाणी उडवायला उष्णता किती? वाया जाणारी धरून लिटरला साधारण एक युनिट समजा, म्हणजे 180 युनिट. आपल्याकडे हिवाळ्यात स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे 5 युनिट ऊन पडतं. काळा पत्रा आणि त्यावर काच, अशी साधी पेटी त्यातलं 40 ते 45 टक्के पकडते. म्हणजे 2 युनिटच्या थोडं वर. चार दिवसांत 180 युनिट गोळा करायला लागते 20 चौरस मीटर पेटी. माझ्या गोठ्याचं छप्पर त्याहून मोठं आहे.

आणि यासाठी हवा उकळती लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हवा 10-12 अंशांनी तापवली की तिचा दमटपणा जवळपास निम्म्यावर येतो. बाहेर 28 अंश असेल आणि आपण ती 40 करून धानातून फिरवली, तर तीच हवा दुप्पट तहानेली होते. कच्च्या धानाला 45 अंशांच्या वर नेऊच नये. बियाण्याला 43 च्या आत. यासाठी बॉयलर नको, आरसा नको, सूर्यामागे फिरणारं यंत्र नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मागच्या हिवाळ्यात करून पाहिलं. जुने पत्रे घेतले, काळा रंग मारला, खाली तणसाचा थर आणि प्लायवूड, वर जाड पारदर्शक प्लास्टिक. क्षेत्र तीन चौरस मीटर. एका तोंडाला एक्झॉस्ट पंखा, दुसरं तोंड लाकडी पेटीच्या खाली. पेटीच्या तळाला जाळी, जाळीवर वीतभर जाडीचं धान. डिसेंबरच्या दुपारी बाहेर 28 अंश असताना आत येणारी हवा 39-40 मिळाली. एक क्विंटल धान 21 वरून 15 वर यायला दोन दिवस लागले. मधल्या रात्री पंखा बंद करून झाकून ठेवलं. ती रात्र वाया गेली नाही, कारण दाण्याच्या आतलं पाणी बाहेरच्या बाजूला येऊन सारखं होतं आणि दाणा तडकत नाही. साधारण 18 टक्क्यांवर आलं की काही तास विसावा द्यावा, हेच तज्ज्ञही सांगतात. त्या धानाचा तांदूळ काढला तेव्हा मिस्त्रीने स्वतः मूठ भरून पाहिली आणि मान हलवली. बोलला नाही, पण मला तेवढं पुरलं.

चुकाही सांगतो. पहिल्यांदा धानाचा थर हातभर केला, तर खालचं कडक आणि वरचं ओलंच. प्लास्टिक एका वाऱ्यात फाटलं. लाइट गेली की पंखा बंद. आता पंख्यापुरतं छोटं पॅनल लावायचा विचार आहे. ऊन वाढलं की पंखा आपोआप जोरात फिरेल, कमी झालं की हळू. पॅनलची जागा ही आहे साहेब. पंखा फिरवायला, मोटर चालवायला पॅनल जरूर टाका. पण गरम करायला नको. पॅनल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलतं, काळा पत्रा जवळपास निम्मं ऊन उष्णतेत पकडतो, आणि पत्रा स्वस्त. आपल्याकडे सोलर म्हटलं की निळी पाटीच डोळ्यापुढे येते. उन्हाचा सगळ्यात जुना उपयोग वाळवणं हा आहे, आणि त्यालाच कोणी सोलर म्हणायला तयार नाही.

आता मिलकडे येतो. सोलरवाल्यालाही उत्तर द्यायचं आहे आणि मालकालाही.

ज्यांनी उसन्याची मिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणात ज्याला उकडा म्हणतात तोच आपला उसना. जुन्या पद्धतीत धान थंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायचे. पाणी आंबायचं, तांदळाला वास यायचा. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेने गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत बसवली. पाणी 65-70 अंश, वेळ तीन-चार तास. भिजलं की वाफ द्यायची. मग ड्रायर. वाफेतून निघालेल्या धानात सुमारे 35 टक्के पाणी असतं, ते 14 वर आणायचं असतं, तेव्हा भरडता येतं.

समजा मिल दिवसाला 40 टन धानाचा उसना काढते.

भिजवायला टनाला सुमारे 1,200 लिटर पाणी धरा. झाले 48 हजार लिटर. 25 अंशांवरून 65 वर न्यायचं, म्हणजे 40 अंश वाढ. उष्णता लागते 19 लाख 20 हजार किलोकॅलरी. युनिटमध्ये सव्वादोन हजारांच्या आसपास.

वाळवायला, 1 टन धानामागे सुमारे 320 लिटर पाणी उडवायचं. 40 टनांचं 12,800 लिटर. उष्णता सव्वा कोटी किलोकॅलरीच्या वर.

भिजवण्याचं पाणी उन्हावर तापवायचं तर सुमारे 1,000 चौरस मीटर पेट्या किंवा नळ्या लागतील. पाव एकर, दहा गुंठे. मोठ्या मिलची छपरं आणि गोदामं मिळून तेवढं निघू शकतं. पण पूर्ण वाळवण उन्हावर करायचं म्हटलं तर पावणेदोन एकरांच्या जवळ जागा लागेल, आणि रात्रपाळीचं काय? म्हणून सोलरवाले भाऊ, बॉयलर भंगारात विका हे बोलणं सोडा. तुम्ही असं बोलता, एखादा मालक फसतो, आणि मग दहा वर्षं आमच्या भागात कोणी उन्हाचं नाव काढत नाही.

उन्हाने वाफ होत नाही असं मी म्हणत नाही. होते. शिर्डीला साईबाबांच्या प्रसादालयात 2009 पासून 73 मोठ्या तबकड्या सूर्याच्या वाफेवर अन्न शिजवायला लावल्या आहेत. तिरुपतीला तिरुमलावर त्याच्याही आधी लावल्या. लातूरला दुधाच्या डेअरीत 160 चौरस मीटरचा एकच मोठा आरसा दूध तापवायला बसवला होता. पण मंदिराचं स्वयंपाकघर आणि डेअरी वर्षाचे 365 दिवस चालतात. मिलचा हंगाम असतो. आरसे बारा महिने हप्ते मागतात आणि मिल पाच-सहा महिने जोरात चालते. हा फरक जो विक्रेता सांगत नाही, तो माल विकायला आला आहे, मिल सुधारायला नाही.

आता मालक भाऊ, तुमचा फुकटचा भुसा.

धानाचं वरचं टरफल, कोणी तूस म्हणतं, कोणी कोंडा, आपण भुसा म्हणतो. 40 टन धानातून तो निघतो 8 टन. किलोला सुमारे 3,000 किलोकॅलरी. बॉयलर, पाइप, गळती धरून त्यातलं 65 टक्के कामाला येतं असं समजू. म्हणजे 8 टनांतून दीड कोटीपेक्षा थोडी जास्त उष्णता. भिजवण, वाफ, वाळवण मिळून लागतेही जवळपास तेवढीच. म्हणजे भुसा जेमतेम पुरतो. धान जास्त ओलं आलं, बॉयलर जुना असला, तर पुरतही नाही, मग बाहेरून आणावा लागतो. फुकटची वस्तू कमी पडते कशी आणि विकत आणावी लागते कशी, हे मला समजावून सांगा.

भुशाला भाव आहे. वीटभट्टीवाला घेतो, दुसऱ्या कारखान्याचा बॉयलर घेतो, वीज प्रकल्प घेतात. भाव हंगामाप्रमाणे हलतो, पण शून्य कधी होत नाही. आणि सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे अरवा 67 किलो किंवा उसना 68 किलो तांदूळ जमा करायचा. बाकी भुसा, कोंडा, कणी मिलकडे राहते. म्हणजे तो भुसा तुम्हाला फुकट मिळत नाही, भरडाईच्या मजुरीचा भाग म्हणून मिळतो. ज्याच्या बांधीत उगवला त्याला त्याचा एक पैसा वेगळा मिळाला नाही. तुम्हाला फुकट वाटतो, कारण त्याची किंमत दुसऱ्याने आधीच भरली आहे.

आणि राख? भुशाच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख होते. 8 टन जाळला तर रोज दीड टनाच्या वर. ती बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचाच भाऊ. मिलच्या शेजारी राहणाऱ्या बाईला विचारा, वाळत घातलेली मिरची आणि धुतलेले कपडे दिवसातून किती वेळा झटकते. डोळे चोळणाऱ्या पोरांना विचारा. ही किंमत तुमच्या वहीत नाही, म्हणून भुसा फुकट.

पण मी प्रामाणिक हिशेब मांडायचा म्हटला आहे, तर तुमच्या बाजूचंही लिहितो. भिजवण्याचं पूर्ण पाणी उन्हावर तापवलं तर रोजचा सुमारे 1 टन भुसा वाचतो. 150 दिवसांच्या हंगामात 150 टन. त्याला तुमच्या इथला भाव लावा आणि 1,000 चौरस मीटरच्या खर्चाशी ताडून पाहा. मी ताडून पाहिलं. नुसत्या भुशाच्या पैशातून खर्च वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात, भुसा स्वस्त असेल तिथे दहाच्याही पुढे. म्हणून तुम्ही आज नाही म्हणता हे मूर्खपणाचं नाही. फक्त कारण खरं सांगा. "परवडत नाही" म्हणा. "फुकट आहे" म्हणू नका.

आणि त्याच्याही आधी करायच्या गोष्टी आहेत, ज्यांना ऊन लागत नाही. तुमच्या वाफेच्या पाइपाला कित्येक ठिकाणी गुंडाळणच नाही, हात लावला की चटका बसतो. तो चटका म्हणजे जळालेला भुसा. वाफेचं थंड झालेलं पाणी बॉयलरकडे परत न नेता नालीत सोडता. भिजवणीचं ऊनऊन पाणी हौदातून तसंच बाहेर सोडता, त्यातली उष्णता पुढच्या ताज्या पाण्याला देता येते. गळक्या बादलीत नळ मोठा करून काय होणार? आधी हे करा. मग बॉयलरला जाणारं पाणी आणि एखाद्या हौदाचं पाणी उन्हावर तापवून पाहा. दिवसा तापवलेलं पाणी चांगल्या गुंडाळलेल्या टाकीत रात्रीपर्यंत टिकतं, संध्याकाळच्या घाणीला वापरता येतं. आपला खरिपाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आभाळ बहुतेक स्वच्छ. पेट्या दक्षिणेला तोंड करून जरा उभ्या ठेवाव्या लागतील, 35 अंशांच्या आसपास, कारण हिवाळ्यात सूर्य खाली असतो. पाणी खारं असेल तर नळ्यांत क्षार बसतात, त्याचा बंदोबस्त आधी करावा लागेल. आणि काचेवर रोज राख बसेल, तुमचीच. ती पुसायला माणूस ठेवाल तेव्हा कळेल शेजारची बाई काय पुसते.

आता मुख्य मुद्दा. इतका कागद भरल्यावर मला दिसलं ते असं.

सगळे जण उन्हाला बॉयलरशी झुंजवत आहेत. तिथे ऊन हरतं, कारण समोर भुसा आहे, रात्रपाळी आहे, वाफ आहे. पण त्याच धानाच्या प्रवासात, मिलच्या फाटकाच्या आधी, एक जागा अशी आहे जिथे उष्णता फक्त 40 अंशांची लागते, दिवसाच लागते, आणि समोर भुसा नाही, बॉयलर नाही, काहीच नाही. फक्त डांबरी रस्ता आणि बाईमाणसं. ती जागा म्हणजे खरेदी केंद्राचं अंगण. तिथे ऊन जिंकतं. आणि तिथेच ते कोणी विकायला येत नाही, कारण तिथला गिऱ्हाईक शेतकरी आहे.

केंद्रावर दिवसाला 100 क्विंटल ओलं धान आलं असं धरा. 22 वरून 17 वर आणायला 600 लिटर पाणी उडवायचं. सुमारे 300 चौरस मीटर काळा पत्रा आणि प्लास्टिक, काही पंखे, जाळीच्या तळाच्या पेट्या. एका गोदामाचं छप्पर. यात परदेशी काही नाही, गावचा वेल्डर करू शकतो. ढगाळ दिवसासाठी बाजूला भुशाची एक साधी भट्टी ठेवा, हवा तापवायला. उन्हाच्या दिवशी ऊन, ढगाच्या दिवशी भुसा. उन्हाचं आणि भुशाचं भांडण लावायचं कारणच नाही.

"हे शेतकऱ्यानं घरी करावं," असं काही जण म्हणतील. ज्याचं 5 क्विंटल आहे त्याने माझ्यासारखी पेटी जरूर करावी. पण 30-40 क्विंटलवाल्याने दरवर्षी चार दिवसांच्या कामासाठी किती पत्रे उभे करायचे? मोजण्याचं मीटर केंद्रावर आहे, नियम केंद्रावर आहे, तर वाळवायची सोयही केंद्रावर पाहिजे. ओलावा मोजून परत पाठवणं ही अर्धीच व्यवस्था झाली.

पैसा कोणी द्यावा? मी म्हणतो मिलनेही द्यावा, आणि हे उपकार म्हणून नाही. सरकारी तांदळात तुकड्याला मर्यादा आहे, अरव्यात 25 टक्के, उसन्यात 16, हे निकष वर्षानुवर्षं तुम्हीच आम्हाला ऐकवता. तडकलेलं धान आलं की तुमची रडारड सुरू होते की 67 बसत नाही. मग तडकू न देणारी वाळवण ही तुमच्या फायद्याची नाही का? रस्त्यावर वाळलेलं धान आणि पेटीत वाळलेलं धान यातला अखंड तांदळाचा फरक तुमच्या वहीत जमा होतो. त्यातला वाटा अंगणात घाला.

कृषी विद्यापीठाच्या लोकांना हात जोडून विनंती. साकोलीला, सिंदेवाहीला तुमची केंद्रं आहेत. वाणाच्या चाचण्या करता, फार चांगलं करता, तुमचेच वाण आम्ही लावतो. एक चाचणी वाळवणीची करा. एकाच बांधीतलं धान तीन भाग करून रस्त्यावर, सिमेंटच्या ओट्यावर आणि उन्हाच्या पेटीत वाळवा, आणि तिन्हीचा अखंड तांदूळ मोजून आमच्यासमोर ठेवा. माझ्या दोन पोत्यांवर कोणी विश्वास ठेवू नये. तुमच्या आकड्यावर ठेवतील. एखाद्या मिलने एक हौद उन्हाच्या पाण्यावर आणि एक बॉयलरच्या पाण्यावर पूर्ण हंगाम चालवून भुसा तोलून ठेवला, तर तोही वाद कायमचा मिटेल.

आणि आपण शेतकरी. आपलंही चुकतं. हार्वेस्टर मिळालं म्हणून हिरवट धान कापतो, मीटर लावायच्या आधी पोतं भरतो, रस्त्यावर पसरवून चहा प्यायला जातो. निदान एवढं करा: दुपारी डांबर पेटलं की थर जाड करा, दर अर्ध्या तासाने फिरवा, आणि दव पडायच्या आत झाका. ताडपत्री कमी पडली तर धान ढिगात ओढा, पसरलेलं ठेवू नका. यात एक रुपया लागत नाही.

काल पुन्हा मिलवर गेलो, हा कागद घेऊन. मालकाने वाचला. भुशाच्या ओळीवर थांबला, दोनदा वाचली. म्हणाला, "लई मोजमाप केलं गा तू." मी म्हटलं, तुम्ही माझं पोतं मोजता तेव्हा मी काही म्हणतो का? मग त्याने मिस्त्रीला बोलावलं आणि उघड्या पाइपाला गुंडाळण किती लागेल ते विचारलं. पेटीचं काही बोलला नाही. पण गोदामाच्या दक्षिणेकडच्या छपराकडे बघत होता, हे मी पाहिलं.

यंदा दिवाळीच्या आत मी पेटी 3 ची 12 चौरस मीटर करतो आहे. रोजचं तापमान, ओलावा, पंख्याची वीज, सगळं इथे लिहीन. फसलं तर फसलं म्हणून लिहीन. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी नोव्हेंबरात या, ओलं धान सोबत आणा. आणि ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी आपल्या केंद्रावर यंदा किती ट्रॅक्टर ओलाव्यासाठी परत गेले ते मोजून खाली लिहा. तो आकडा कोणाच्याच वहीत नसतो. आपण ठेवू.